हनुवटीवरचा मी

मी नोकरीत कायम झालो आणि माझ्या हनुवटीवरचा फोड मागे डागसुद्धा न ठेवता बरा झाला. दोन्ही बातम्या आनंदाच्या आहेत, दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्ही आईने सगळ्या जिन्याला सांगितल्या आहेत. आता यातलं काहीच घडलेलं नाही असं धरून आपण पुढे जाऊ. मी स्वतः सध्या तसंच धरून चालतो. त्याशिवाय मला घास उतरत नाही.

मी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात काम करतो. लोक बसमध्ये वस्तू विसरतात, कंडक्टर त्या आमच्याकडे आणून टाकतात, आम्ही त्यांना चिठ्ठी बांधून फडताळात ठेवतो. मालक आला, त्याने खूण सांगितली, खूण पटली, की वस्तू त्याची. मुदतीत कुणी आलं नाही तर लिलाव. छत्र्या, डबे, उजव्या हाताचे हातमोजे, एक कृत्रिम पाय. पाय विसरून माणूस बसमधून उतरला कसा, असं मी पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, आपलं काम विचार करण्याचं नाही, चिठ्ठी बांधण्याचं आहे. बरणीत एक कवळी आहे, तिचं तोंड मात्र साहेबांनीच भिंतीकडे करून ठेवायला लावलंय. ती बघते, असं ते म्हणतात. कवळी बघते कशी, हे मी विचारलं नाही. तोवर मी शिकलो होतो.

वरच्या कप्प्यात एक काळं हेल्मेट होतं. बसमध्ये हेल्मेट विसरणारा माणूस मुळात बसमध्ये का चढला, हा प्रश्न मी मनातल्या मनात चिठ्ठी बांधून ठेवून दिला होता. पण एका सुस्त दुपारी मी ते घालून पाहिलं. आतून कोमट होतं. म्हणजे नुकतंच कुणीतरी काढून ठेवावं तसं कोमट, आणि ते तर मी येण्याच्या आधीपासून तिथं पडून होतं. मी घाईघाईने पट्टा सोडवला, त्यात हनुवटी खरचटली. समोरच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ जमली होती. ती माझीच असणार, असं मी स्वतःला बजावलं आणि चहाला गेलो.

दोन दिवसांनी खरचटलेल्या जागी फोड आला. मग फोडाच्या शेजारी फोड. मग ते फुटून त्यावर पिवळसर, मधाच्या रंगाची खपली धरली. ती साधारण एखाद्या बेटाच्या नकाशासारखी दिसायची आणि बेटाची लोकसंख्या वाढत होती. लोक माझ्याशी बोलायचे ते हनुवटीकडे बघून. घरी आई म्हणाली, हात लावू नकोस, आणि कसं आहे ते बघायला तिने स्वतः हात लावला.

खालच्या मजल्यावर काका राहतात. टपालखात्यातून निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी लांब असते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं योग्य खणात टाकलेला माणूस, आता टाकायला पत्रं नाहीत म्हणून सल्ले टाकतो. म्हणून जिन्यात त्यांना सल्लाकाका म्हणतात. त्यांनी आधी टूथपेस्ट लावायला सांगितली. मग बटाट्याची चकती. झाकून ठेव, हवा लागू देऊ नकोस, हे सकाळी सांगितलं आणि झाकू नकोस, हवा लागू दे, हे संध्याकाळी. मी दोन्ही पाळलं. टूथपेस्टने खपली पांढरी झाली आणि हनुवटीला पुदिन्याचा वास येऊ लागला, एवढाच काय तो फरक.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या कार्यालयाच्या दाराशी हजेरीचं यंत्र आलं. चेहरा बघून हजेरी लावणारं. त्यात कुणा बाईचा आवाज भरलेला होता. चेहरा ओळखला की ती म्हणायची, "आपण आलात." ओळखला नाही की म्हणायची, "आपण कोण?" एवढी दोनच वाक्यं, पण आवाज असा की दुसरं वाक्य ऐकल्यावर माणूस क्षणभर खरंच विचारात पडावा. आम्ही यंत्राला दारातली बाई म्हणू लागलो.

चेहरे नोंदवायला जो तंत्रज्ञ आला त्याला मी विनंती केली की माझा चेहरा सध्या दुरुस्तीत आहे, थोडे दिवस थांबा. तो म्हणाला, उलट आजच सोपं जाईल. आणि गेलंही. साहेबांचा चेहरा बाईला पाच-सहा वेळा दाखवावा लागला, कारण ती त्यांना फाटकावरचा पहारेकरी समजत होती. माझा एका झटक्यात नोंदला गेला. तंत्रज्ञ हनुवटीकडे कौतुकाने बघत म्हणाला, "नाक-डोळे काय, सगळ्यांनाच असतात हो. तुमच्याकडे खूण आहे."

मला बरं वाटलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या चेहऱ्याचं कौतुक करत होतं.

टूथपेस्टचा उपयोग होत नाही हे पटल्यावर मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या शब्द जपून वापरणाऱ्या होत्या. त्वचेवरचा जंतुसंसर्ग आहे, म्हणाल्या. कोमट पाणी आणि साबणाने हळू धुवायचं, मऊ पडलेली खपली अलगद काढायची, टिपून कोरडं करायचं आणि ही जंतुनाशक क्रीम पातळ लावायची, दिवसातून तीनदा. आधी हात धुवायचे, नंतरही धुवायचे. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवायचं नाही. टॉवेल वेगळा. बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायची नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ट्यूब तुमची. दुसऱ्या कुणाची नाही."

हे शेवटचं वाक्य आमच्या घराला लागू पडत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार. आमच्याकडे ट्यूब एकाची नसते. ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात राहते आणि जिन्यातल्या कुणालाही भाजलं, कापलं, चावलं, खाजलं, तरी डबा खाली-वर जातो. ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणायची, संपली की लाटणं फिरवायचं, लाटण्यानेही काही निघेना की कात्रीने पोट फाडून आतलं बोटाने पुसून घ्यायचं. एका माणसाच्या एका फोडासाठी अख्खी ट्यूब राखून ठेवणं हे आईच्या मते माज आल्याचं लक्षण आहे.

मी मात्र बाकी सगळं पाळलं. खोटं का सांगू, त्या काळात मी इतके हात धुतले की बोटं भिजवलेल्या वाटाण्यासारखी दिसत होती. फक्त ट्यूबचं तोंड मी सरळ हनुवटीला टेकवत होतो. बोटावर घेतली की अर्धी बोटालाच राहते. हा विचार माझा नाही, तो रक्तात आहे.

क्रीमने काम केलं. खपली गेली, लाली गेली, आणि औषधाचे दिवस पूर्ण झाले तेव्हा हनुवटी अशी नितळ झाली होती की मी आरशासमोर उगाच वळून वळून बघत होतो. त्या दिवशी मी शीळ घालत कार्यालयात गेलो, दारात उभा राहिलो आणि बाईला हनुवटी दाखवली.

"आपण कोण?"

मी हसलो. पुन्हा उभा राहिलो. कोन बदलला. केस मागे घेतले. दिवा लावला, दिवा बंद केला. प्रत्येक वेळी तोच आवाज, तोच प्रश्न, आणि मला वाटलं की दर खेपेला ती उत्तरासाठी जरा जास्त थांबते आहे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझं वर्ष परीक्षेचं होतं. वर्षभर सलग हजेरी भरली तर मी कायम. खंड पडला तर मी नाही आणि माझी जागाही नाही, कारण ती जागा रद्द करायला कंपनी टपलेलीच होती. वर्ष संपायला फार दिवस उरले नव्हते. आईने तर पेढे कुणाला किती याचा हिशेबही मनात करून ठेवला होता.

मी साहेबांकडे गेलो. माझ्या आणि त्यांच्या टेबलात हातभर अंतर आहे, वर्षभर आम्ही एकमेकांच्या डब्यात काय आहे ते न विचारता ओळखत आलो आहोत. साहेब अवघडून म्हणाले, "मी तुम्हाला ओळखतो हो. पण माझ्या ओळखण्याला वर कोण विचारतं?" मग त्यांनीच मार्ग सुचवला. डॉक्टरांकडून लिहून आणा, तोवर थोडे दिवस वहीतली सही चालवून घेतो, त्यापुढे नाही.

डॉक्टरीणबाईंनी हनुवटी भिंगाखाली धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लिहून दिलं की या व्यक्तीच्या हनुवटीवर कोणतीही जखम, खपली वा व्रण आढळत नाही. ते साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, यंत्रातल्या माणसाला खपली आहे. म्हणजे तो तुम्ही नव्हे, असं तुम्ही स्वतःच लेखी आणलंत की.

मग मी ते केलं जे कुणीही स्वाभिमानी माणूस करेल. जिन्यातल्या एका वहिनीच्या शृंगारपेटीतले रंग, थोडा डिंक आणि चहा, यातून घरी खपली तयार केली. आई म्हणाली, हुबेहूब. दारातल्या बाईने तेच विचारलं, पण इतक्या हळू आवाजात की मागच्या रांगेतले लोक आपोआप दोन पावलं सरकले.

शेवटचा उपाय म्हणून मी काळं हेल्मेट पुन्हा घातलं. पट्टा घट्ट आवळला, मुद्दाम घासला. या खेपेला आतून गार होतं. हनुवटीवर साधा ओरखडाही उठला नाही. डॉक्टरीणबाईंना पुन्हा दाखवून विचारलं, काही आशा आहे का. त्या म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण बरे आहात." ज्या सुरात इतर डॉक्टर याच्या उलट सांगतात, त्या सुरात.

आणि मग सल्लाकाका छत्री शोधायला आले.

काकांना दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. ते वर आले, आईकडे डबा मागितला, ट्यूबचं तोंड सरळ कापलेल्या जागेवर टेकवलं आणि डबा परत केला. पुढे त्यांना फोड आले, फोडाला खपली धरली, मधाच्या रंगाची, बेटाच्या आकाराची. मी जवळ जाऊन निरखून बघितलं. माणूस वेगळा, पण बेट तेच होतं. तोच किनारा, तीच डावीकडची खाडी.

तर काका दारात उभे राहिले, बसमध्ये राहिलेल्या छत्रीची चौकशी करायला. बाई प्रसन्नपणे म्हणाली, "आपण आलात." आणि पडद्यावर माझं नाव उमटलं.

काका तिथेच थांबले. छत्रीचं विसरले. मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं आणि मग हळूच त्या यंत्राला म्हणाले, "हो. आलो."

साहेबांना सुटल्यासारखं झालं. तात्पुरती व्यवस्था, असं ते म्हणाले. काकांनी सकाळी येऊन उभं राहायचं, संध्याकाळी जाताना उभं राहायचं, हजेरी माझ्या नावावर. मधला दिवस काम मी करायचं. नियम कुठेच मोडत नव्हता, कारण असं काही होईल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी काका सकाळी येऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मध्ये जाऊन करू काय, थांबतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. टपालातला हात, सगळं फडताळ त्यांनी असं लावलं की साहेब उठून बघायला आले. माझ्या खुर्चीची गादी त्यांच्या मापाची होती. मी समोरच्या बाकावर बसू लागलो, जिथं वस्तू हरवलेली माणसं बसतात. थोड्या दिवसांनी साहेब मला बघून अदबीने म्हणाले, "आपलं काय हरवलंय?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलंच.

घरीही काही वेगळं नव्हतं. दमून आलेत म्हणून आई काकांना वर बोलावून चहा द्यायची. मग जेवायलाच वाढू लागली. एकदा तिने माझ्या ताटात वाढलं, ताट काकांपुढे ठेवलं आणि दिवस कसा गेला असं त्यांना विचारलं. काकांनी सांगितलं. ते ऐकून मला कळलं की आज माझा दिवस चांगला गेला.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण खपली वाढत होती. हनुवटीवरून ती जबड्याच्या कडेने कानाकडे सरकली होती, गळ्याला गाठ आली होती, काकांना कणकण वाटत होती. मी म्हटलं, चला डॉक्टरांकडे, नवी ट्यूब घेऊ, काका, हे साधं असतं, बरं होतं. ते आज-उद्या करत राहिले. त्यांच्या खिशात रुमाल असायचा आणि तो रुमाल ते खपलीवर असा अलगद धरायचे, जसं कुणी पाहुणा झोपलाय म्हणून दार लोटून घ्यावं.

शेवटी मी जिन्यात त्यांना अडवलं. म्हटलं, माझी नोकरी गेली खड्ड्यात, तुम्ही आजारी पडाल. काका पायरीवर बसले. म्हणाले, "अरे, तुझी काकू गेल्यापासून मी घरात शिरतो ना, तर कुणी काही म्हणत नाही. ती यंत्रातली बाई रोज म्हणते, आपण आलात. बरा झालो तर ती काय म्हणेल, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. म्हणून मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

परीक्षेचं वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी साहेबांनी काकांचा हात हातात घेऊन माझं अभिनंदन केलं. मी बाकावरून टाळ्या वाजवल्या. घरी आलो तेव्हा काकांना ताप भरला होता. आईने त्या दिवशी त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. रिक्षात घालून आम्ही त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी काकांची हनुवटी पाहिली, मग माझी पाहिली, आणि काही न विचारता गोळ्या लिहिल्या. मग नवी ट्यूब काकांच्या हातात देऊन त्यांची बोटं तिच्यावर मिटवली. घरी आईने जुनी ट्यूब, अजून अर्धी भरलेली, न लाटता, न फाडता कचऱ्यात टाकली. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. रोज ती हात धुऊन, कापसाच्या बोळ्यावर क्रीम घेऊन काकांना पातळ लावायची, पुन्हा हात धुवायची. आणि काका आईच्या दारात आले की ती आतूनच म्हणायची, आलात का, या. मला वाटतं क्रीमच्या जोडीला तेही लागू पडलं.

काका बरे झाले. किनारा गेला, खाडी गेली. आम्ही दोघं जोडीने कार्यालयात गेलो, दोन नितळ हनुवट्या घेऊन, आणि दारात उभे राहिलो.

"आपण कोण?" बाईने आम्हाला एकत्रच विचारलं.

काका म्हणाले, चल, बाकावर बसू. आम्ही बसलो. साहेब वर कळवायला जागेवरून उठणार, एवढ्यात यंत्राचा दिवा हिरवा झाला. दारात कुणी नव्हतं. बाहेर रिकामा रस्ता, रस्त्यावर ऊन.

"आपण आलात," बाई म्हणाली. पडद्यावर माझं नाव उमटलं.

साहेब खाली बसले. संध्याकाळी तो यंत्रातला माणूस जातानाही तसंच झालं. दुसऱ्या दिवशीही. आजतागायत त्याचा खाडा नाही, उशीर नाही. खुर्चीच्या गादीला खळगा पडलेला असतो आणि हात लावला तर ती कोमट लागते. चिठ्ठ्या बांधलेल्या सापडतात, गाठ माझ्यासारखीच, जरा ढिली. वरच्या कप्प्यातलं काळं हेल्मेट गेलं आहे. ते कुणी नेलं, कोणती खूण सांगून नेलं, साहेबांना माहीत नाही. कवळी मात्र आता रोज सकाळी खुर्चीकडे तोंड करून असते. साहेब तिला हात लावत नाहीत. माझ्या कामावर ते समाधानी आहेत, वरूनही तसंच कळवलं गेलं आहे.

काका आणि मी बाकावर बसतो. काका आता छत्रीबद्दल विचारत नाहीत. आज मी त्यांच्याच पेनने अर्ज लिहिला, तो असा.

प्रति, कार्यालयप्रमुख, हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय. विषय: एक तरुण कर्मचारी परत मिळण्याबाबत. महोदय, वर दिलेली वस्तू आपल्याच दारात माझ्याकडून हरवली असून सध्या आपल्या कार्यालयात नियमित हजर आहे. ओळखीची खूण हनुवटीवर होती, ती औषधाने गेली. औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण घेतलं, याबद्दल अर्जदारास दोष देऊ नये. मुदतीत मागणी करत असल्याने सदर वस्तू लिलावात काढू नये. तसेच उद्या सकाळी ती कामावर आल्यास तिला कृपया दारातच थांबवून ठेवावं, अर्जदार समोर बाकावरच बसलेला आहे. कळावे, ही विनंती.